शाल नको, नोंद द्या : बारामती-इंदापुरातल्या हरित पुरस्कारांचा हिशोब

गेल्या ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, मी बारामतीतल्या एका सत्कार समारंभाला गेले होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हा लेख एका संस्थेविरुद्ध नाही. असे समारंभ आता दोन्ही तालुक्यांत होतात आणि बहुतेक एकाच साच्यातले असतात. गच्चीवर बाग फुलवणाऱ्या बंगल्याच्या मालकीणबाईंचा सत्कार झाला. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या हॉटेलचा झाला. सोलर बसवणाऱ्या मंगल कार्यालयाचा झाला. ठिबकवर ऊस घेणाऱ्या बागायतदाराचा झाला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि सोबत एक रोप. निवेदकाने प्रत्येकाला 'वसुंधरेचे रक्षक' म्हटलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यांखाली पाण्याच्या छोट्या बाटल्यांचा खच पडला होता. दोन बायका पोती घेऊन आत आल्या. त्यातल्या एक मावशी आमच्याच वस्तीतल्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, आज पर्यावरणाची बक्षिसं होती. तुमचं नाव कुणी दिलं नाही का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमचं नाव कशाला देतील पोरी? वॉचमननं आत सोडलं हेच लई झालं."

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. आपल्याकडचे हरित पुरस्कार ज्याच्याकडे मालकी आहे त्याने केलेल्या थोड्याशा दुरुस्तीचं कौतुक करतात, आणि ज्याच्या श्रमावर गाव-शहर स्वच्छ राहतं त्याची साधी नोंदही ठेवत नाहीत. आपली मागणी पुरस्कार बंद करा अशी नाही. आपली मागणी आहे : आधी नोंद, नोंदीबरोबर हक्क, आणि मग ज्याला द्यायचा त्याला खुशाल सत्कार द्या.

पाच तत्त्वं, आणि श्रम कुठे?

राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० ला 'माझी वसुंधरा अभियान' सुरू केलं. नगरपरिषदा, नगरपंचायती, ग्रामपंचायती यांना भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांखाली गुण द्यायचे आणि चांगलं काम करणाऱ्यांना गौरवायचं, अशी त्याची मांडणी. (धम्म वाचणाऱ्यांना सहज आठवेल की तथागतांच्या विचारात पृथ्वी, आप, तेज, वायू अशी चारच महाभूतं येतात. पण तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू.) झाडं लावा, कचरा वेगळा करा, पाणी जिरवा, सौरऊर्जा वापरा, लोकांना शपथ द्या. यातलं काहीही चुकीचं नाही. या निमित्ताने अनेक गावांत खरोखर काम झालं, हे मान्य करायला मला अडचण नाही.

पण या पाचांत श्रम हे तत्त्व नाही. कचऱ्याचं विलगीकरण मोजलं जातं. तो कचरा ज्या हातांनी निवडला त्या हातांत हातमोजे होते का, हे ठळकपणे पुढे येत नाही. नगरपरिषदेला मिळालेला पुरस्कार स्वीकारायला पदाधिकारी जातात, अधिकारी जातात, फोटो येतो. पहाटे पाचला झाडू हातात घेणारी कंत्राटी कामगार त्या फोटोत नसते. असलीच तर मागच्या रांगेत, नव्या कोऱ्या जॅकेटमध्ये.

ही चूक कुणा एका अधिकाऱ्याची म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या समाजात सफाई ठरावीक जातींच्या वाट्याला जन्माने आली, त्या समाजाला ते काम दिसतच नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातीची चिकित्सा करताना दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडते आणि त्यांना वर-खाली रचते. पर्यावरणाच्या क्षेत्रात तीच उतरंड नव्या कपड्यात येते. वर 'पर्यावरणप्रेमी', खाली 'कचरावाली'. काम दोघींचं एकच, कचरा वेगळा करण्याचं. एकीसाठी तो छंद, दुसरीसाठी पोट.

पुण्यात काय घडलं?

वेगळं काही होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि ते आपल्याच जिल्ह्यात झालंय. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचं नेतृत्व, एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या आणि हजारो कचरावेचक. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरलेल्या माणसाला पाण्याची जात आणि कचऱ्याची जात यातलं नातं वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

या बायकांनी पहिली मागणी काय केली असेल? सत्काराची? नाही. ओळखपत्राची. रस्त्यावर पोती घेऊन फिरणाऱ्या बाईला पोलीस चोर समजून अडवतात, भंगारवाला वजनात मारतो, सोसायटीचा वॉचमन हाकलतो. महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र हातात असलं की ती चोर राहत नाही, कामगार होते. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेने या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. घरागणिक शुल्क आणि भंगार विकून येणारा पैसा कामगारांचा. या व्यवस्थेतही अडचणी आहेत, कराराची टांगती तलवार आहे, मोठे कंत्राटदार टपलेले आहेत. तरीही सत्कार आणि मान्यता यातला फरक समजायला हे उदाहरण पुरेसं आहे. सत्कार देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. मान्यता मागून, भांडून घ्यावी लागते, आणि एकदा कागदावर आली की तिच्यावर पुढचा हक्क उभा राहतो.

मित्रांनो, हे पुण्यापुरतं मर्यादित नव्हतं. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेला सांगितलं की कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची पद्धत तयार करा, त्यांना कचरा व्यवस्थेत सामील करून घ्या. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क मिळतील हे पाहण्याची जबाबदारीही स्थानिक संस्थेवर टाकली. म्हणजे आपण मागतोय ते नवं नाही. बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदांना आणि मोठ्या ग्रामपंचायतींना आपण एकच साधा प्रश्न विचारायचा आहे : तुमच्या हद्दीत कचरा वेचणारी माणसं किती, त्यांची यादी कुठे आहे?

उसाचा गोडवा आणि कोयता

आता शेताकडे वळू, कारण आपल्या दोन तालुक्यांत पर्यावरणाचा सगळ्यात मोठा प्रश्न शहरातल्या गच्चीवर नाही, उसाच्या फडात आहे. इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि त्याने या भागाचे दोन तुकडे केले : बागायत आणि जिरायत. कालव्याच्या काठाला ऊस आणि कारखाने. बारामतीत माळेगाव, सोमेश्वर. इंदापुरात छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. सुप्याच्या बाजूला आणि इंदापूरच्या टेलच्या गावांत टँकरची वाट.

ठिबकवर ऊस घेणाऱ्या शेतकऱ्याला पाणीबचतीचा पुरस्कार मिळतो. पाणी वाचलं, चांगलंच झालं. पण ज्या भूमिहीन बाईच्या घरात दोन हंड्यांत दिवस निघतो, तिला पाणीबचतीचा पुरस्कार का नाही? हिशोब मांडला तर तालुक्यात सगळ्यात कमी पाणी तीच वापरते. उत्तर आपल्याला माहीत आहे. ज्याला भरपूर मिळतं, त्याने थोडं कमी वापरलं की त्याला बचत म्हणतात. जिला मिळतच नाही, तिच्या कमी वापराला काही नाव नाही.

कारखान्यांचंही तसंच. मळीपासून इथेनॉल, बगॅसपासून वीज. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं आणि ऊस रातोरात 'हरित' झाला. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दरवर्षी कारखान्यांना पुरस्कार देते, त्यात पर्यावरण संवर्धनाचाही असतो. पण तो ऊस तोडतो कोण? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेलं जोडपं. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कारखान्याच्या माळावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोपी, संडास नाही, पहाटे थंडीत फडात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त स्त्रियांची गर्भाशयं काढलेली होती. ज्या इंधनाच्या मुळाशी हे आहे त्याला हरित म्हणायचं असेल तर म्हणा. पण पुरस्काराच्या अर्जात एक रकाना वाढवा : तोडणी कामगारांसाठी संडास किती, पाण्याची सोय काय, पाळणाघर आहे का, नोंदणी झालेले कामगार किती? हा रकाना रिकामा असेल तर बाकी कितीही झाडं लावा, गुण शून्य.

वरचं शहर स्वच्छ, खालचं पाणी?

इंदापूरच्या वाचकांना उजनी सांगायला नको. भिगवण, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्यामागे कॅमेरे येतात. पण उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येतं, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले सगळ्यात जास्त, ५५, प्रदूषित नदीपट्टे महाराष्ट्रात होते. त्या यादीत मुळा, मुठा आणि भीमाही आहेत. आणि २०२४ च्या स्वच्छ सर्वेक्षणात १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही देशात पहिल्या दहांत.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हीच तर गंमत आहे. शहर आपल्या हद्दीत स्वच्छ असतं, कारण त्याची घाण हद्दीबाहेर जाते. जातिव्यवस्थेचा हाच तर जुना नियम. गाव शुद्ध राहायचं, कारण मेलेलं जनावर ओढून गावकुसाबाहेर न्यायला कुणीतरी ठरलेलं होतं. आज गावकूस मोठं झालं, इतकंच. उजनीच्या काठच्या मासेमाराला, त्या पाण्यात कपडे धुणाऱ्या बाईला कुठल्या सर्वेक्षणात गुण देता येतात?

गायरानावरचं हिरवं

हा मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावा. वृक्षलागवडीचे गुण मिळवायचे तर ग्रामपंचायतीला जागा लागते. बागायतदार आपला एक गुंठा देत नाही. मग नजर जाते गायरानावर. आणि अनेक गावांत गायरानावर कोण कसतंय? मातंग, बौद्ध, पारधी, भटके. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. कितीतरी दावे आजही तहसील कचेरीत धूळ खात पडलेत. अशा जमिनीवर खड्डे खोदून, रोपं लावून, फलक ठोकून एखाद्या गावाने हरित पुरस्कार मिळवला, तर तो पुरस्कार कुणाच्या ताटातून आला हे आपण विचारणार की नाही?

झाडं हवीतच. मग गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा आणि बांधावर झाडं लावण्यासाठी त्यालाच मजुरी द्या. झाड जगेल, कारण त्याला पाणी घालणारा माणूस तिथे असेल.

'तुम्ही सगळीकडे जात आणता'

हा आक्षेप येणार. गच्चीवर बाग करणाऱ्या बाईने कुणाचं काय वाईट केलं? काहीच नाही. तिचं काम चांगलं आहे, तिने ते करत राहावं. पण जात आम्ही आणत नाही. कचरा डेपोवर काम करणाऱ्यांची हजेरी काढा आणि त्यातली आडनावं वाचा. जात तिथे आधीच हजर असते, आम्ही फक्त हजेरी घेतो.

दुसरा आक्षेप जास्त गोड असतो : 'आम्ही सफाई कामगारांचाही सत्कार करतो.' हो, करता. कोरोनात तर पायही धुतले. पण पाय धुतल्याने पगारपत्रक बदललं का? भविष्यनिर्वाह निधी कापला गेला का? गटारात माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना ३० लाख द्यायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. आधी ही रक्कम १० लाख होती. हाताने मैला साफ करायला लावणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. एवढे कायदे असताना शाल पांघरून भागवायचं, ही दिशाभूल आहे.

तिसरा धोका आपल्याच बाजूने येतो, म्हणून तोही सांगते. आपल्या माणसांच्या गरिबीला 'पर्यावरणपूरक जीवनशैली' म्हणून कुणी गौरवू लागलं तर हुरळून जाऊ नका. केरसुणी वळणं, दोर वळणं, सूप-टोपल्या विणणं, भंगार निवडणं, ही कामं निसर्गाला धरून आहेत म्हणून आमच्या मुलांनी ती पिढ्यानपिढ्या करावीत, हा मनूचाच सल्ला हिरव्या शाईत लिहिलेला आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला पाण्याचा हक्क बजावला, तेव्हाच मेलेली गुरं ओढणं सोडा असंही सांगितलं. कामाची प्रतिष्ठा हवीच, पण काम सोडण्याचं स्वातंत्र्य त्याहून आधी हवं. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, आणि ती टिकावी म्हणून आपण लढतोही. पण मुलीला वारशात झाडूच का मिळावा, हा प्रश्न आपल्याला विसरून चालणार नाही. कचरावेचक मावशींना आज ओळखपत्र हवं, आणि त्यांच्या नातीला त्याच ओळखपत्राच्या आधारावर शिष्यवृत्ती हवी.

संत गाडगेबाबांचं नाव सरकारने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियानाला दिलं. बाबांनी झाडू स्वतःच्या हातात घेतला होता, दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. कीर्तनात ते झाडूबरोबर शिक्षण सांगत, कर्ज काढू नका सांगत, शिवाशीव पाळू नका सांगत. तपासणी समिती येणार म्हणून आदल्या रात्री वस्तीतल्या बायकांकडून गाव झाडून घेणाऱ्यांनी बाबांचा फक्त झाडू घेतला, कीर्तन सोडून दिलं.

आपल्या अंगणात

बोट दुसऱ्याकडे दाखवताना चार बोटं आपल्याकडे असतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडलेले ग्लास, बाटल्या, फ्लेक्स कोण उचलतं? बहुतेक वेळा आपल्याच मावश्या. डीजेच्या भिंतीसमोर वस्तीतली म्हातारी माणसं कानात बोटं घालून बसतात. पर्यावरण हा त्यांचा विषय, आपला नाही, असं समजणाऱ्या तरुणांना मला सांगायचंय की टँकरचं पाणी, डेपोचा धूर, उजनीचा वास हे सगळं सगळ्यात आधी आपल्या वस्तीत येतं. विषय आपलाच आहे. यंदाच्या जयंतीला मिरवणुकीनंतर झाडू अध्यक्षांच्या हातात दिसू द्या.

आणि मग पुढची कामं. पहिलं, नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीत माहितीचा अधिकार टाका : सफाईचं कंत्राट कुणाला, कामगार किती, वेतन किती, निधी कापला का, हातमोजे कधी दिले? दुसरं, वस्तीतल्या कचरावेचक आणि भंगार गोळा करणाऱ्यांची यादी आपणच करा, निवेदनासोबत द्या आणि पोच घ्या. तिसरं, गायरान कसणाऱ्यांची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा, वृक्षलागवडीचा ठराव येण्याआधी. चौथं, पुढच्या ५ जूनला जिथे जिथे हरित पुरस्कार असतील तिथे आयोजकांना आधी पत्र द्या : अर्ज करणाऱ्या प्रत्येक व्यवसायाला त्याच्याकडच्या कामगारांचं वेतन आणि सुरक्षा विचारा. नाही विचारलं तर सभागृहात उभं राहून आपण विचारू.

मावशी अजून रोज पहाटे निघतात. परवा मी त्यांचं नाव यादीत लिहिलं, पहिलंच. त्यांनी विचारलं, "ह्यानं काय व्हईल?" मी म्हटलं, "मावशी, पुढच्या वेळी वॉचमनला विचारावं लागणार नाही." त्या काही बोलल्या नाहीत. आधार कार्डाची झेरॉक्स मात्र संध्याकाळी स्वतः आणून दिली.

जय भीम!